मंडळीची आजी: निरोप, स्मरण आणि हक्क

बेलापूर, श्रीरामपूर, हरेगाव, राहुरी या पट्ट्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नव्वदी ओलांडलेल्या आजी आहेत. घरातली सोयरीक त्यांना विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि चर्चमधल्या महिला मंडळाची प्रार्थना त्यांनीच सुरू करायची असते. अशा आजी गेल्या की घरचे दुःखात असतात, आणि त्याच दिवशी त्यांना दहा निर्णय घ्यावे लागतात.

वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न साधारण असे: पत्रिकेत वय किती छापायचं? थोरला मुलगा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, सून कॅथलिक, धाकटा पेंटेकॉस्टल सभेला जातो. मग विधी कोणी करायचा? गावातले आप्त तेराव्याचं विचारतात, त्यांना काय सांगायचं? आजींच्या नावानं चर्चला काय द्यावं? आणि सगळ्यात शेवटी, दबक्या आवाजात: जमीन आणि डाग-दागिने कोणाकडे जाणार?

या सगळ्या प्रश्नांना दोन कसोट्या पुरतात. हे आजींना हवं होतं का? आणि आपण सांगतो, छापतो, वाटतो ते खरं आहे का? मंडप किती मोठा नि फ्लेक्स किती फुटांचा, हे त्यानंतर पाहा.

आजी हयात असताना करायची कामं

निम्मं काम आजी असतानाच होतं. ते अशुभ समजून टाळू नका. बऱ्याच आजींना स्वतःच्या निरोपाबद्दल बोलायचं असतं. पोरंच विषय बदलतात.

आपल्या शेजारच्या राहुरीत काही काळ संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं (१८६८–१९३६) उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणलं जातं. त्याला निमित्त झालं ते मुलाचं. देवदत्त टिळकांनी वडिलांच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. पुढे नातू अशोक टिळकांनी टिपा देऊन संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. आईनं सांगितलं, मुलानं मार्गी लावलं, नातवानं तपासलं. तुमच्या घरी पुस्तक व्हायला पाहिजे असं नाही, पण कामाची ही वाटणी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

आठवणी नोंदवताना:

- दुपारची झोप झाल्यावर, चहानंतर बसा. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे.
- मोबाइलवर आवाज मुद्रित करा. आधी पंखा, टीव्ही बंद करा आणि त्यांना नीट ऐकू येतं त्या कानाकडे बसा.
- ‘तुमच्या जीवनाबद्दल सांगा’ असं विचारलं तर ‘काय सांगायचं बाबा, देवानं नेलं तसं गेलो’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी वस्तू आणि प्रसंग विचारा: लग्नात कोणी काय आंदण दिलं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का? मजुरी कशी मिळायची? चर्चमध्ये पेटी कोण वाजवायचं? पहिल्या बाळंतपणाला सुईण कोण होती?
- जुना अल्बम पुढ्यात ठेवा. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं नावं आणि गाव लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.
- मध्येच चूक सुधारू नका. ‘नाही आजी, ते साल वेगळं होतं’ असं दोनदा म्हटलं की त्या गप्प होतात. साल नंतर तपासता येतं.
- मुद्रण एकाच फोनमध्ये ठेवू नका. फोन बदलला की आवाज गेला. किमान दोन ठिकाणी प्रत ठेवा.

याच काळात त्यांच्या इच्छांचा एक कागद करा. त्यात असावं:

- त्या कोणत्या मंडळीच्या सभासद आहेत आणि विधी कोणी करावा
- दफन कुठे: बेलापुरात, माहेरच्या गावी की आजोबांच्या शेजारी
- कोणती गीतं म्हणावीत, शास्त्रपाठ कोणता वाचावा
- अंगावर कोणतं लुगडं किंवा साडी, आणि दागिने काढून ठेवायचे का
- नेत्रदानाची किंवा देहदानाची इच्छा
- जेवणावळ हवी की नको

हा कागद म्हणजे मृत्युपत्र नव्हे, त्याला कायद्याचं बळ नाही. पण दोन भाऊ ओट्यावर वाद घालत असताना आजींच्या सहीचा असा कागद पुढे आला की वाद मिटतो.

वय आणि तारखा कशा ठरवायच्या

‘शतायुषी’ हा शब्द छापण्याआधी तो खरा आहे का, ते पाहा. १९२५–३५च्या सुमारास खेड्यात जन्मलेल्या मुलींच्या जन्माची नोंद अनेकदा नसते, आणि असली तरी नाव नसतं, फक्त ‘मुलगी’ असतं. आधार कार्डावर १ जानेवारी किंवा शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर सावध व्हा. वर्ष अंदाजे सांगितलं की कार्डावर १ जानेवारी पडते आणि गुरुजींनी शाळेत घालताना सोयीनं १ जून लिहिलेला असतो.

शोध या क्रमानं घ्या:

१. चर्चची नोंदवही. बाप्तिस्म्याच्या, कॅथलिक असतील तर स्नानसंस्काराच्या नोंदीत आईवडिलांची नावं, गाव आणि बहुधा जन्मतारीखही असते. मात्र सगळ्यांचाच बाप्तिस्मा बालपणी झालेला नसतो. मोठेपणी झाला असेल तर बाप्तिस्म्याची तारीख जन्माची समजू नका.

२. लग्नाची नोंद. ख्रिस्ती विवाह १८७२च्या कायद्यानुसार नोंदले जातात आणि नोंदीत वधूचं वय असतं. लग्न माहेरच्या चर्चमध्ये झालं असेल तर वही तिथं शोधा.

३. शाळेची दाखल-खारीज वही. मिशन शाळा बंद पडली असेल तर दप्तर कोणाकडे गेलं ते विचारा.

४. गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक. जुन्या जन्ममृत्यूच्या या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. श्रीरामपूर तुलनेनं नवा तालुका आहे, म्हणून शेजारच्या जुन्या तालुक्यांच्या ठिकाणीही चौकशी करा.

५. घरचं बायबल. पहिल्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहून ठेवायची पद्धत अनेक घरांत होती.

६. जुनी नियतकालिकं. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं आणि ‘निरोप्या’ १९०३ पासून निघतो. दोन्हींत मंडळ्यांच्या बातम्या येत. एखादं लग्न, नेमणूक किंवा निधन त्यांत सापडू शकतं.

कागद नसेल तर घटनांवरून हिशेब मांडा. आजी म्हणत असतील, ‘गांधीबाबा गेले तेव्हा थोरला अंगावर पीत होता,’ तर थोरल्याचा जन्म १९४६–४७च्या आसपासचा. तेव्हा त्या सतरा ते वीस वर्षांच्या असतील, तर त्यांचा जन्म १९२६ ते १९३० मधला. इथं ‘अंदाजे १९२८’ एवढंच लिहा. उपयोगी पडणाऱ्या खुणा: भंडारदरा धरण पूर्ण झालं १९२६, चले जाव १९४२, गांधीहत्या ३० जानेवारी १९४८, रझाकारांविरुद्धची पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८, महाराष्ट्र राज्य १ मे १९६०, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, खग्रास सूर्यग्रहण १६ फेब्रुवारी १९८०.

गावाच्या नावातही फसायला होतं. जुन्या कागदात ‘बेलापूर’ दिसलं म्हणून ते प्रवरेकाठचं बेलापूर गावच असेल असं नाही. श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्थानकाचं नाव बेलापूर आहे आणि हरेगावचा साखर कारखाना ‘बेलापूर कंपनी’ म्हणून ओळखला जाई. ‘बेलापूरला नोकरीला’ म्हणजे कारखान्यात, ‘बेलापूरला उतरले’ म्हणजे श्रीरामपुरात, असं असू शकतं. गाव असेल तर बुद्रुक की खुर्द, हेही पाहा.

मंडळीच्या नावाचंही तेच. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला काम सुरू केलं १८३१ मध्ये. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला. त्यामुळे १९५० साली लग्न झालेल्या आजींच्या कागदावर सीएनआयचा शिक्का असणार नाही. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांतही १९८७चा. त्याआधी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर असलं तरी जुन्या दाखल्यावरचं ‘अहमदनगर’ खोडू नका. नक्कल करताना जसं आहे तसंच उतरवा.

निधनानंतरचे पहिले चोवीस तास

घरातल्या एकाच माणसाकडे फोन आणि निर्णय द्या. तो थोरला मुलगाच असला पाहिजे असं नाही. डोकं शांत असलेली नात असेल तर तिच्याकडे द्या. मग क्रम असा:

- नेत्रदान असेल तर आधी नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी घ्या. वय जास्त आहे, चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, यामुळे नेत्रदान अडत नाही.
- डॉक्टर. घरी निधन झालं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. हा कागद पुढे नोंदणीला लागतो.
- पाळकसाहेब किंवा फादर. वेळ ठरवण्याआधी त्यांना विचारा. त्याच दिवशी दुसऱ्या गावात विवाह किंवा उपासना असू शकते. पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली आणि पाळकच उपलब्ध नाहीत, असे प्रसंग घडतात.
- दफनभूमी. जागा, खोदाई आणि फी याबद्दल पंचमंडळीतल्या जबाबदार माणसाशी बोला. आजोबांच्या कबरीशेजारी जागा राखलेली असेल तर तसं सांगा. जुनीच कबर उघडायची असेल तर मंडळीचा नियम विचारा.
- पेटी. मुंबई-पुण्याहून माणसं यायची असतील तर उन्हाळ्यात फ्रीजर पेटी मागवा. परदेशातल्या नातवासाठी किती थांबायचं, याची मर्यादा पहिल्या तासातच ठरवा.

मिश्र कुटुंबात विधी कोणी करावा? आजी ज्या मंडळीच्या सभासद होत्या, त्या मंडळीनं. बाकी मंडळ्यांच्या सेवकांना एखादी प्रार्थना किंवा शास्त्रवाचन देता येतं, पण ते मुख्य सेवकांना विचारून. एकाच घरी दोन अंत्यविधी लावू नका. हिंदू किंवा बौद्ध आप्त हार घेऊन येतील, पायावर डोकं ठेवतील. त्यांचा निरोप त्यांना त्यांच्या रीतीनं देऊ द्या.

दफनाला कोणी अडथळा आणला तर हातघाईवर येऊ नका. अंत्यविधीसाठी जमलेल्यांना त्रास देणं, दफनस्थळी अनधिकृत घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात आणि तहसीलदारांकडे लगेच कळवा.

मृत्यूची नोंद: एकवीस दिवस विसरू नका

कबरीची नोंद चर्चच्या वहीत झाली म्हणजे सरकारी नोंद झाली, असा समज अजूनही आहे. दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत आणि दोन्ही लागतात.

- नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते. बेलापुरात घरी निधन झालं तर ग्रामपंचायतीत, श्रीरामपूर, लोणी किंवा अहिल्यानगरच्या दवाखान्यात झालं तर त्या ठिकाणच्या निबंधकाकडे. दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती दवाखाना देतो. घरच्या मृत्यूची कुटुंबानं द्यायची.
- मुदत २१ दिवस. या मुदतीत माहिती देणाऱ्याला पहिला दाखला विनाशुल्क मिळतो.
- २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष, तर वरिष्ठ निबंधकांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश.
- नाव आधार, बँक, सातबारा यांवर जसं आहे तसं द्या. आजींचं नाव एका कागदावर ‘मरियाबाई’, दुसऱ्यावर ‘मेरी’ असेल तर नोंदीच्या वेळीच निबंधकांना दोन्ही कागद दाखवा. नंतरची दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते.
- दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. बँक, पोस्ट, विमा, तलाठी कार्यालय, गॅस: सगळीकडे लागतात.

आजींना निवृत्तिवेतन किंवा श्रावणबाळसारख्या योजनेचे पैसे येत असतील तर बँकेला आणि तहसील कार्यालयाला कळवा. निधनानंतर जमा झालेली रक्कम एटीएममधून काढू नका. ती परत भरावी लागते.

स्मरणाची उपासना: कधी आणि कशी

अमुक दिवशीच स्मरण करा, असा बायबलमध्ये नियम नाही. कॅथलिक परंपरेत सातव्या, तिसाव्या दिवशी आणि वर्षानं मिस्सा अर्पण करण्याची रीत आहे. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचं स्मरण होतं. प्रॉटेस्टंट घरांत सोयीचा रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरतात. तेराव्याबद्दल आप्तांनी विचारलं तर सरळ सांगा: ‘आमच्याकडे तेरावा नाही, अमक्या दिवशी आभाराची प्रार्थना आहे, तुम्ही या.’ लोक समजून घेतात. कर्ज काढून जेवणावळ घालण्याची सक्ती ना धर्माची आहे ना समाजाची.

कार्यक्रम सव्वा तासात बसवा: प्रारंभीची प्रार्थना, आजींच्या आवडीची दोन-तीन गीतं, शास्त्रवाचन, जीवनपट, तीन जणांच्या आठवणी, संदेश, आभार, आशीर्वाद. बोलणारे तीनच ठेवा: एक घरचा, एक मंडळीचा, एक गावचा. शेजारच्या ज्या बाईच्या बाळंतपणाला आजी रात्री धावत गेल्या, तिला जरूर बोलवा. पुढाऱ्यांना बसायला मान द्या, माइक देऊ नका.

जीवनपट लिहिताना. साधारण सहाशे शब्द, म्हणजे वाचायला पाच-सहा मिनिटं. जन्म, माहेर, बाप्तिस्मा, लग्न, मुलं, काम, मंडळीतली सेवा, शेवटचे दिवस हा सांगाडा. सांगाड्यात जीव येतो तो तपशिलानं. एक उदाहरण पाहा:

- असं लिहू नका: ‘आजी अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व प्रार्थनाशील होत्या.’
- असं लिहा: ‘रविवारी त्या पहाटेच भाकरी थापून टोपल्यात झाकून ठेवत आणि घंटा व्हायच्या आधी चर्चमधल्या सतरंज्या झटकायला जात. कोणाचं पोर उपासनेला दिसलं नाही, तर दुपारी त्या घरी चौकशीला हजर.’

पहिलं वाक्य कोणाच्याही आजीला चालतं. दुसरं एकाच आजीचं असतं. असं एक वाक्य मिळवायला घरातल्या सुनांना आणि मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मुलांना यातलं फारसं माहीत नसतं.

आणखी तीन गोष्टी सांभाळा:

- मंडळीतल्या त्यांच्या कामाला नाव द्या. मिशनच्या काळात बायबलबाई घरोघर जाऊन वाचून दाखवत, बायकांना अक्षरं शिकवत. शाळेत शिकवणाऱ्या, वसतिगृह सांभाळणाऱ्या, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बायका होत्या. ‘पाळकसाहेबांच्या पत्नी’ एवढ्यावर अशा स्त्रीची ओळख संपवू नका.
- गेलेली मुलं, परजातीत लग्न केलेली मुलगी, नव्या मंडळीत गेलेला मुलगा यांपैकी कोणाचंही नाव वगळू नका. वगळलेलं नाव सभेत सगळ्यांच्या लक्षात येतं.
- मजकूर छापण्याआधी घरातल्या दोघांना वाचायला द्या: एकानं तारखा पाहाव्यात, दुसऱ्यानं नावं.

त्यांच्या नावानं काय करावं

‘काहीतरी करू’ असं सभेत जाहीर करून टाकू नका. आधी पंचमंडळीला विचारा, चर्चला काय लागतं. पाच पंखे आधीच दान आलेले असतात आणि स्वच्छतागृहाला दार नसतं.

- वस्तू किंवा दुरुस्ती. बाक, ध्वनिक्षेपक, छताची गळती, म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांना कठडा. खर्च एकदाच, उपयोग रोजचा. नावाची पाटी लावायची असेल तर आकार आणि मजकूर मंजूर करून घ्या.
- शिक्षणासाठी मदत. ठेवीच्या व्याजावर चालवायची असेल तर गणित आधी करा. सात टक्के व्याज धरलं तर ५० हजारांवर वर्षाला साडेतीन हजार मिळतात. त्यातून एका मुलीची वह्या-पुस्तकं होतील. दहा हजारांचं पारितोषिक होणार नाही. निवड कोण करणार, ठेव कोणाच्या नावावर, हे लिहून ठेवा.
- नोंदींचं काम. चर्चच्या जुन्या वह्या जीर्ण होत आहेत. पाळकांच्या परवानगीनं त्यांची छायाचित्रं काढून एक प्रत मंडळीला देणं, हे कमी खर्चाचं आणि टिकाऊ स्मारक आहे.
- कबर. पक्कं बांधकाम करण्याआधी मंडळीची परवानगी घ्या. माती बसायला एक पावसाळा जाऊ द्या, नाहीतर फरशीला तडा जातो. शिळेवर नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि एक वचन पुरे. वय अंदाजे असेल तर फक्त मृत्यूची तारीख कोरा.

देणगी दिली की संस्थेच्या नावाची पावती घ्या, व्यक्तीच्या हातात रोकड देऊ नका. आयकरात ८०जी खाली सवलत हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता आहे का, ते विचारा; दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही.

मालमत्ता आणि हक्क

ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू होत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. निर्णयाला लागेल तेवढंच पाहा.

मृत्युपत्र नसेल तर:

- आजोबा हयात असतील तर आजींच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग त्यांना आणि दोन तृतीयांश मुलांना. आजोबा नसतील तर सगळं मुलांना समान.
- मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा. लग्न झालेल्या मुलीचा हक्क जात नाही. ‘लग्नात दिलं की’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.
- मूल आधी वारलं असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना.
- विधवा सुनेला सासूच्या मालमत्तेत वारस म्हणून वाटा नाही. जिनं दहा वर्षं आजींचं हगणं-मुतणं काढलं, तिला मूल नसेल तर ती रिकाम्या हातानं बाहेर पडते. आजींना तिला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र केलंच पाहिजे.

मृत्युपत्र करायचं असेल तर:

- साध्या कागदावरही चालतं. आजींची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत.
- ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र टिकतं, पण त्या साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं.
- नोंदणी सक्तीची नाही, पण नव्वदीतल्या व्यक्तीसाठी करून घेतलेली बरी. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं, आजी शुद्धीवर आणि समजत्या असल्याचं पत्र जोडा.
- चर्चला किंवा धर्मादाय कामाला मालमत्ता देण्यावर ख्रिस्ती लोकांसाठी जाचक अट होती. पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असला तर मृत्यूच्या वर्षभर आधी केलेलंच असं मृत्युपत्र चाले. ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली जॉन वल्लामट्टम खटल्यात रद्द केलं. जुने लोक अजून ती अट सांगतात. ती आता नाही.
- भारतीय ख्रिस्तींच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून ते प्रमाणित करून घेणं, सक्तीचं नाही. वाद असेल तर मात्र वकिलांचा सल्ला घ्या.

बँकेतला नॉमिनी मालक होत नाही. तो पैसे उचलतो, पण ते वारसांचेच असतात. शेतजमीन असेल तर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे तलाठ्यांकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. फेरफारात सगळ्या वारसांची नावं आली का ते स्वतः वाचा. बहिणींकडून हक्कसोडपत्र घ्यायची घाई दफनाच्या आठवड्यात करू नका. बहिणींनो, रडण्याच्या भरात कोणत्याही कागदावर सही करू नका. मजकूर वाचा, प्रत मागा, वेळ घ्या.

डाग-दागिन्यांची यादी दोन वारसांसमोर, फोटोसह करा. आजींनी हयातीत कोणाला काही हातात दिलं असेल तर ती त्यांची भेट. ती यादीत ओढू नका.

हे टाळा

- आजींच्या आजारपणातले, नळ्या लावलेले फोटो कोणाला पाठवणं
- नवं, सफाईदार छायाचित्र करण्याच्या नादात सुरकुत्या पुसणं. फ्लेक्सवरची बाई ओळखू येत नाही
- मंडळीतलं जुनं भांडण स्मरणाच्या व्यासपीठावर काढणं
- कपडे, चष्मा, चोपड्या आठवड्याभरात वाटून किंवा जाळून टाकणं. आधी प्रत्येक वहीचं पान उलटून पाहा
- खर्चाचा हिशेब तोंडी ठेवणं. वही करा, महिन्याभरात सगळ्या भावंडांना दाखवा

ज्यांच्या घरी नव्वदी ओलांडलेल्या आजी आज ओसरीवर बसलेल्या आहेत, त्यांनी सगळी यादी एका दिवसात उरकायची गरज नाही. येत्या रविवारी उपासनेहून आल्यावर तीनच गोष्टी विचारा: कुठं ठेवायचं, कोणतं गीत म्हणायचं, कोणाला काय द्यायचं. उत्तर लिहून घ्या, खाली त्यांची सही किंवा अंगठा आणि तारीख घ्या. बाकीचं सावकाश होईल.